एक जीव म्हणजे नेमका केवढा?

२०१५ च्या जूनमध्ये रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला. लांबी सुमारे बेचाळीस फूट. लोकांच्या नजरेला पडला तेव्हा तो जिवंत होता. त्याला पुन्हा पाण्यात लोटायची खटपट झाली, पण एवढं धूड माणसांच्या जोरावर हलत नाही. तो किनाऱ्यावरच मेला. पाण्याबाहेर आलेल्या देवमाशाला त्याचं स्वतःचंच वजन मारतं. समुद्रात असताना पाणी त्याला सगळ्या बाजूंनी तोलून धरतं. तो आधार सुटला की छाती दबते आणि श्वास घेणं अशक्य होत जातं.

बेचाळीस फुटांचा तो देवमासा अजून पोरसवदाच होता. पूर्ण वाढलेला निळा देवमासा ऐंशी-नव्वद फुटांचा असतो आणि त्याचं वजन दीडशे टनांच्या आसपास किंवा त्याहूनही वर जातं. नुसतं हृदयच सुमारे १८० किलोचं. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संशोधकांनी एका निळ्या देवमाशाच्या अंगावर शोषक प्याल्यांनी यंत्र चिकटवून त्याच्या हृदयाचे ठोके प्रथमच मोजले. खोल बुडी मारली की ते हृदय मिनिटाला दोनदा धडधडत होतं, तर श्वासासाठी वर आल्यावर मिनिटाला पंचवीस ते सदतीस वेळा. एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत अर्ध्या मिनिटाची शांतता सहन करणारं शरीर, हे वाचलं तेव्हा मला त्याच्या लांबी-रुंदीपेक्षा जास्त भव्य वाटलं.

आपल्या अरबी समुद्रात हे देवमासे आहेत. रेवदंड्याची घटना घडली त्याच वर्षी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ जिवंत निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली. ते आज इतके विरळ का, याचं एक कारण जुनं आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत शिकारी जहाजांनी उत्तर हिंदी महासागरात अवघ्या काही वर्षांत बाराशेहून अधिक निळे देवमासे मारले. त्या शिकारीचे खरे आकडे तेव्हा दडवले गेले आणि सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर उघडकीस आले.

आजवर होऊन गेलेल्या प्राण्यांमध्येही निळा देवमासा सर्वांत जड मानला जातो. २०२३ मध्ये पेरू देशात सापडलेल्या ‘पेरुसेटस’ या प्राचीन देवमाशाने हा मान हिरावला अशी बातमी झाली होती. त्याची हाडं विलक्षण जड होती आणि त्यांवरून वजनाचा अंदाज ३४० टनांपर्यंत नेला गेला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी तो हिशेब पुन्हा मांडला आणि अंदाज बराच खाली आला. निळ्या देवमाशाची जागा कायम राहिली.

इथवर सगळं सोपं आहे. देवमाशाला कातडी असते. कातडीच्या आत देवमासा, बाहेर समुद्र. वजन करायचं ठरवलं तर नेमकं काय काट्यावर ठेवायचं याबद्दल वाद नाही. पण ‘सर्वांत मोठा प्राणी’ हा शब्दप्रयोग सोडून ‘सर्वांत मोठा सजीव’ म्हटलं, की ही कातडीची सोय संपते. मग आधी ठरवावं लागतं, की एक सजीव कशाला म्हणायचं. गेल्या पन्नास वर्षांत पृथ्वीवरचे महाकाय जीव शोधताना शास्त्रज्ञांची खरी कसोटी लागली ती मोजमापात नव्हे, या एका प्रश्नात.

कॅलिफोर्नियातल्या सिकोया राष्ट्रीय उद्यानात ‘जनरल शर्मन’ नावाचा वृक्ष उभा आहे. उंची सुमारे ८४ मीटर, जमिनीलगत बुंध्याचा घेर ३१ मीटर, खोडाचं घनफळ जवळजवळ १४८७ घनमीटर. एका खोडाच्या वृक्षांत याच्याएवढं लाकूड दुसऱ्या कुठल्याही जिवंत झाडात नाही. त्याच राज्याच्या उत्तर किनाऱ्यावरचा ‘हायपेरिअन’ हा रेडवूड त्याहून उंच, जवळपास ११६ मीटर, पण खोड सडपातळ. तो २००६ मध्ये सापडला आणि पाहायला येणाऱ्यांच्या पायांखाली आजूबाजूचं रान इतकं तुडवलं गेलं, की २०२२ मध्ये उद्यानाने त्याच्या जवळ जायला बंदी केली.

शर्मनकडे परत येऊ. त्याच्या खोडाचं वजन हजार टनांहून जास्त धरतात, पण त्यातलं जिवंत किती? झाडाच्या खोडात आतला गाभा मृत पेशींचा असतो. जिवंत असते ती सालीच्या आतली पातळ थराची पट्टी, जिथे नव्या पेशी तयार होतात, आणि तिच्या लगतच्या लाकडातल्या काही पेशी. म्हणजे या महावृक्षाचा जिवंत भाग एखाद्या पातळ आवरणासारखा, आणि ते आवरण स्वतःच रचलेल्या मृत लाकडाच्या डोंगरावर चढवलेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये वणवा जवळ आला तेव्हा अग्निशामक दलाने शर्मनच्या बुंध्याला आगरोधक चंदेरी पत्र्यासारखं कापड गुंडाळलं. धोका गाभ्याला नव्हता, बाहेरच्या त्या जिवंत थराला होता. शर्मन वाचला. आदल्या वर्षीच्या एकाच वणव्यात मात्र हजारो मोठे सिकोया मेले. जगातल्या मोठ्या सिकोयांपैकी दहा टक्क्यांहून जास्त झाडं त्या एका आगीने नेली.

आता एक झाड असं पाहू, ज्याला खोडच नाही. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातला वटवृक्ष अडीचशे वर्षांचा मानतात. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांनी तो मोडला, जखमांतून बुरशी शिरली, मूळ खोड कुजत गेलं आणि १९२५ मध्ये ते कापून काढावं लागलं. झाड मात्र थांबलं नाही. आज जवळपास पावणेदोन-दोन हेक्टर जागा त्याच्या छायेखाली आहे आणि हजारो पारंब्या जमिनीत उतरून खांब झालेल्या आहेत. ज्या बीजातून तो उगवला त्याचं मूळ खोड शंभर वर्षांपूर्वी गेलं, तरी तोच वड आहे असं आपण बिनदिक्कत म्हणतो. कारण वरच्या फांद्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. हात लावत लावत, न तुटता, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता येतं.

आपल्याकडेही असा वड होता. साताऱ्याजवळ वैराटगडाच्या पायथ्याच्या म्हसवे गावचा वड एकोणिसाव्या शतकात एवढा प्रसिद्ध होता, की १८८२ मध्ये त्याची रीतसर मोजणी झाली. छायेचा घेर १५८७ फूट भरला. जुन्या गॅझेटियरमधलं ते वर्णन वाचताना वाटतं, की वडाला आपण प्रदक्षिणा घालतो ती त्याच्या बुंध्याला, पण वडाचा खरा आकार बुंध्यात नसतोच. आंध्रातल्या अनंतपूर भागातला ‘तिम्मम्मा मर्रिमानु’ हावड्याच्या वडाहूनही विस्ताराने मोठा मानतात, आणि तिथेही मूळ खोड कोणतं हे शोधण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

वडाच्या बाबतीत जोड डोळ्यांना दिसते. ती जमिनीखाली गेली तर?

अमेरिकेच्या युटा राज्यात, फिश लेक नावाच्या तळ्याकाठी, ॲस्पेन झाडांचं एक रान आहे. पांढरट गुळगुळीत सालीची, सरळसोट, पंचवीस मीटरच्या आत-बाहेर उंचीची झाडं. ॲस्पेनच्या पानाचं देठ हातात घेऊन फिरवलं तर ते गोल नसल्याचं बोटांना कळतं. ते पानाच्या पात्याला आडवं, दोन्ही बाजूंनी चेपलेलं असतं. त्यामुळे नुसत्या झुळकीनेही पान डावी-उजवीकडे लवतं आणि सगळं रान सळसळत राहतं. सालीतही हरितद्रव्य असतं. बर्फात पानं झडून गेलेली असतानाही खोड थोडंफार अन्न करतं. रस्त्याने जाणाऱ्याला हे हजारो झाडांचं जंगल वाटतं. मधून डांबरी रस्ता गेलेला आहे, तळ्याकाठी मुक्कामाच्या जागा आहेत. १९६८ च्या सुमारास बर्टन बार्न्स आणि जेरी केम्परमन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे रान निरखलं, तेव्हा पानांचा आकार, सालीचा रंग, फांद्यांची ठेवण या सगळ्यांत त्यांना चकित करणारं साम्य दिसलं. शेजारच्या रानात पानांचा आकार वेगळा, वसंतात पालवी फुटायची वेळ वेगळी, हेमंतात पिवळं पडायची वेळ वेगळी. इथे मात्र टेकडीच्या एका मोठ्या भागावर सगळं एकसारखं. १९७६ मध्ये त्यांनी मत मांडलं, की ही सगळी खोडं एकाच मुळापासून फुटलेली आहेत. नंतर या रानाला ‘पांडो’ हे नाव मिळालं.

पांडोचा विस्तार ४३ हेक्टर आहे. त्यात सुमारे ४७ हजार खोडं आहेत आणि सगळ्यांचं मिळून वजन सहा हजार टनांच्या घरात धरतात. म्हणजे जनरल शर्मनच्या काही पट. सगळी खोडं नर आहेत. २००८ मध्ये कॅरन मॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांतल्या जनुकीय खुणा तपासल्या आणि बार्न्स-केम्परमन यांची आखणी बहुतांशी बरोबर निघाली. ज्यांनी फक्त डोळ्यांनी, पानं आणि साली बघत, टेकडी पालथी घालून ही सीमा काढली होती, त्यांच्या निरीक्षणाला माझा दंडवत.

हे कसं होतं, ते बघण्यासारखं आहे. ॲस्पेनची मुळं जमिनीत फार खोल न जाता आडवी पसरतात. त्या मुळांवर जागोजाग कोंब फुटायची तयारी असते, पण उभ्या खोडांच्या शेंड्यांत तयार होणारं एक संप्रेरक खाली मुळांपर्यंत उतरून त्या कोंबांना दाबून ठेवतं. वणवा लागला, झाड पडलं किंवा कापलं, की वरून येणारा तो निरोप थांबतो आणि मुळांतून शेकड्यांनी धुमारे वर येतात. ज्याने शेतात हरळी काढली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. एकेक खोड फार तर शंभर-सव्वाशे वर्षं जगतं, पण खाली मूळ जगत राहतं. पांडोचं वय किती, याचे अंदाज पूर्वी मोघम होते. २०२४ मध्ये संशोधकांनी त्याच्या वेगवेगळ्या भागांत साठत गेलेले जनुकीय बदल मोजले आणि वय १६ हजार ते ८० हजार वर्षांच्या दरम्यान काढलं. पल्ला मोठा आहे, पण त्याचं खालचं टोकसुद्धा माणसाच्या शेतीहून जुनं आहे. त्यात आणखी एक गोष्ट आढळली. शेजारची खोडं एकमेकांशी जास्त जुळतील अशी अपेक्षा होती. तशी ती जुळतात, पण अगदी थोडी. म्हणजे लांबलांबच्या खोडांतला जनुकीय फरक अंतराच्या मानाने फारच किरकोळ निघाला.

पण ४७ हजार खोडांना आज एकच मूळ जोडतं का? बहुधा नाही. जुनी मुळं कुजतात, मधून रस्ता जातो, जोड तुटते. मग जे उरतं ते एकच जनुकीय वारसा असलेल्या तुकड्यांचं रान. त्याला एक जीव म्हणायचं का? जनुकं सारखी म्हणजे जीव एक, असं म्हटलं तर जळगावातल्या केळीच्या बागांपुढे आपण अडखळतो. रावेर-यावल भागात ग्रँड नैन जातीच्या केळीची रोपं ऊतिसंवर्धनाने तयार होतात. सगळी एकाच वाणाची, जनुकांनी जवळजवळ सारखी. आणि तोच वाण जगात इतरत्रही आहे. मग जळगावची केळी आणि दक्षिण अमेरिकेतली केळी मिळून एकच महाकाय झाड झालं काय? कुणीही असं म्हणणार नाही. ती रोपं माणसाने तोडली, वाहून नेली, लावली. पांडो जागचा हलला नाही. तो स्वतःच्या मुळांनी, सलग पसरत, त्या टेकडीवर गेला. मला वाटतं फरक इथेच आहे. जनुकं एक असायला हवीत आणि पसरणं स्वतःचं, सलग असायला हवं. आज मधला दुवा तुटला असला तरी इतिहास एक आहे. गंमत म्हणजे पांडो आणि केळ यांच्यात आणखी एक साम्य आहे. दोघांतही गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच आहेत. त्यामुळे धड बी धरत नाही आणि दोघांचाही भर फुटव्यांवर असतो.

१९९२ मध्ये हा वाद एकदम ऐरणीवर आला, आणि त्याला कारण झाली एक बुरशी. मिशिगन राज्याच्या उत्तर भागातल्या जंगलांत, नौदलाच्या अतिशय कमी कंप्रतेच्या रेडिओ-केंद्राचा झाडांवर काही परिणाम होतो का याचा अभ्यास चालू होता. त्या कामात असलेल्या योहान ब्रून यांना जमिनीखालच्या एका अळिंबीवर्गीय बुरशीचे नमुने लांबलांबच्या जागी सारखेच मिळत गेले. मायरन स्मिथ आणि जेम्स अँडरसन यांच्यासह त्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं, की क्रिस्टल फॉल्स गावाजवळची ही एकच बुरशी किमान १५ हेक्टरांत पसरली आहे, दहा टनांहून जास्त वजनाची आहे आणि दीड हजार वर्षं जुनी आहे. वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. क्रिस्टल फॉल्समध्ये तिच्या नावाने दरवर्षी जत्राही भरू लागली. त्याच वर्षी मायकल ग्रँट आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ला लिहून कळवलं, की याहून कितीतरी मोठा जीव युटामध्ये उभा आहे. पांडो हे नाव जगाला तेव्हाच कळलं. आपल्या बुरशीला मात्र स्मिथ-ब्रून-अँडरसन यांनी सोडलं नाही. २०१८ मध्ये त्यांनी नवी मोजणी केली, आणि तिचं वजन सुमारे ४०० टन आणि वय निदान अडीच हजार वर्षं निघालं.

त्या आधीच ओरेगॉन राज्यातल्या ब्लू माउंटन्समध्ये तिचीच एक चुलत बहीण सापडली होती. मॅलहुर राष्ट्रीय वनात फर आणि तत्सम सूचिपर्णी झाडं मोठ्या पट्ट्यात मरत होती, त्याचं कारण शोधताना कॅथरीन पार्क्स यांच्या गटाला १९९८ मध्ये तिचा पत्ता लागला. ‘आर्मिलारिया ऑस्टॉयी’ ही ती बुरशी. २००३ च्या शोधनिबंधात तिचं क्षेत्र सुमारे ९६५ हेक्टर दिलं आहे, म्हणजे साडेनऊ चौरस किलोमीटरांहून जास्त. वय १९०० ते ८६५० वर्षांच्या दरम्यान. वजनाचे अंदाज काही हजार टनांपासून तीस हजार टनांच्याही वर जातात, आणि त्यातला कुठलाही घेतला तरी ती निळ्या देवमाशांच्या कळपाला भारी पडेल.

तिथल्या जंगलात उभं राहिलं तर ती दिसत नाही. शरदात काही आठवडे झाडांच्या पायथ्याशी मधाच्या रंगाच्या छत्र्यांचे झुबके येतात, तेवढीच काय ती वर डोकावते. मरणाऱ्या झाडाच्या बुंध्याची साल कुऱ्हाडीने उचकटली तर आत पांढरा, कागदासारखा सोलून निघणारा थर लागतो. तेच तिचं शरीर. साल आणि लाकूड यांच्यामध्ये, नेमक्या त्या जिवंत थरात ती शिरते, ज्या थरावर शर्मनसारखा वृक्ष उभा असतो. माती उकरली की काळ्या, बारीक दोऱ्या मिळतात. बाहेरून कडक साल, आत पांढरे तंतू. या दोऱ्या एका मुळापासून दुसऱ्या मुळाकडे वाट काढत जातात. एका झाडातलं अन्न संपवून पुढच्या झाडापर्यंतचं अंतर पार करायची शिदोरी त्यांच्यातूनच पुढे पोचते. अशी वाढ वर्षाला अर्धा-एक मीटर असते. इतक्या सावकाश साडेनऊ चौरस किलोमीटर.

पण ही एकच आहे, हे कशावरून? इथे मला या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग सापडतो, आणि त्याला काचेच्या एका उथळ बशीपेक्षा जास्त काही लागत नाही. जंगलाच्या दोन ठिकाणांहून नमुने आणायचे, बुरशी वाढेल अशा खळीवर दोन्ही थोड्या अंतराने ठेवायचे, आणि थांबायचं. दोन्हीकडून तंतू एकमेकांकडे वाढत येतात. ते दोन वेगळ्या जीवांचे असतील तर भेटीच्या रेषेवर ते एकमेकांना नाकारतात. मध्ये एक स्पष्ट, बहुधा काळपट पट्टा उमटतो आणि ती सीमा कायम राहते. एकाच जीवाचे असतील तर तंतू एकमेकांत मिसळून जातात आणि थोड्या दिवसांनी जोड कुठे होती हे सांगता येत नाही. ओरेगॉनच्या जंगलात किलोमीटरभर, दोन किलोमीटर, त्याहूनही दूर घेतलेले नमुने बशीत असे एकजीव झाले. जनुकीय चाचणीने तेच सांगितलं. ‘मी’ आणि ‘दुसरा’ यांतला भेद मेंदू नसलेल्या, कातडी नसलेल्या बुरशीला कळतो, आणि तिने ठरवलेली सीमा आपण काढलेल्या नकाशावर उतरते. या एका प्रयोगाने ‘एक जीव’ ही कल्पना मला जितकी पटली तितकी कुठल्याही व्याख्येने पटली नाही.

अंधारात या बुरशीने पोखरलेलं लाकूड मंद हिरवट उजळतं. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या फांद्या चमकताना ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अशा प्रकाशाची कल्पना असेल. तिथली बुरशी वेगळ्या कुळातली, पण पेशींत प्रकाश निर्माण होण्याची रासायनिक रीत जवळजवळ तीच. वनखात्याच्या दृष्टीने ओरेगॉनची ही बुरशी म्हणजे रोग आहे, कारण ती चांगलं इमारती लाकूड मारते. माझ्या मते हे अपुरं आहे. तिने मारलेल्या झाडांच्या जागी उजेड जमिनीपर्यंत पोचतो, तिला न जुमानणाऱ्या झाडांची रोपं उठतात, मेलेल्या खोडांत सुतार पक्षी घरं करतात. काही हजार वर्षं ते जंगल आणि ती बुरशी बरोबरच राहत आले आहेत.

प्राण्यांमध्येही असा घोळ घालणारे जीव आहेत. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला निंगालूजवळच्या खोल दऱ्यांत ‘फाल्कोर’ या संशोधन जहाजावरच्या यंत्राने एक सायफनोफोर टिपला. लांबच लांब दोरीसारखा, सर्पिल आकारात तरंगणारा. बाहेरचं वेटोळंच सुमारे ४७ मीटरचं. दोरीवरचा प्रत्येक भाग स्वतंत्र जीवाच्या जडणघडणीचा असतो. काही फक्त शिकार पकडतात, काही पचवतात, काही पोहण्याचं काम करतात, आणि एकटा एकही जगू शकत नाही. २०२४ मध्ये सॉलोमन बेटांजवळ सापडलेलं प्रवाळही असंच. चौतीस मीटर रुंद, बत्तीस मीटर लांब. आधी नोंद घेणाऱ्यांना वरून ते बुडालेल्या जहाजाचे अवशेष वाटले. सुमारे तीनशे वर्षं वयाची ही एकच वसाहत आहे, एका अळीपासून वाढलेली, आणि तिच्यात अब्जाच्या आसपास चिमुकले प्रवाळजीव आहेत. हे प्रवाळभित्तिकेसारखं नाही, हे लक्षात घ्यावं. ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ २३०० किलोमीटर लांब असली, तरी ती शेकडो जातींच्या असंख्य जीवांची वस्ती आहे. कातडीच काय, जनुकांची एकताही तिच्यात नाही. तिला ‘सर्वांत मोठा सजीव’ म्हणतात ते सपशेल चुकीचं आहे.

सर्वांत विस्तीर्ण म्हणता येईल असा जीव मात्र त्याच देशाच्या पश्चिम टोकाला आहे. शार्क बेच्या उथळ पाण्यात ‘पॉसिडोनिया ऑस्ट्रॅलिस’ नावाच्या समुद्रगवताची कुरणं आहेत. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती जमिनीवरून पाण्यात परत गेलेली फुलझाडं आहेत, मूळ, खोड, पान, फूल सगळं असलेली. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाच्या जेन एजलो आणि एलिझाबेथ सिंक्लेअर यांना शार्क बेच्या वेगवेगळ्या कुरणांत किती स्वतंत्र रोपं आहेत हे पाहायचं होतं. पुनर्लागवड करायची तर विविधता किती आहे हे आधी माहीत हवं. त्यांनी दहा कुरणांतले कोंब आणले आणि १८ हजार जनुकीय खुणा तपासल्या. २०२२ मध्ये जाहीर झालेलं उत्तर त्यांनाच चकित करणारं होतं. १८० किलोमीटर अंतरावर पसरलेलं ते एकच रोप आहे. सुमारे २०० चौरस किलोमीटर, निदान साडेचार हजार वर्षांचं. जमिनीखालच्या आडव्या खोडांनी, वर्षाला फार तर पस्तीस सेंटिमीटर पुढे सरकत, ते तिथे पसरलं. शार्क बेमध्ये समुद्राचं पाणी शिरलं ते हिमयुगानंतर पातळी चढल्यावर, काही हजार वर्षांपूर्वी. म्हणजे तिथे उपसागर झाला आणि फारसा वेळ न दवडता एक बी तिथे रुजलं असलं पाहिजे.

त्या रोपात गुणसूत्रांची संख्या नेहमीच्या दुप्पट आहे. दोन वेगळ्या वंशांचे सगळे जनुकीय संच एकत्र आले की वनस्पतींमध्ये असं होतं, आणि अशा रोपांना कधीकधी कष्टाच्या जागी तग धरता येते. शार्क बेचा आतला भाग खरोखर कष्टाचा आहे. पाऊस तुटपुंजा, बाष्पीभवन प्रचंड, पाणी काही ठिकाणी साध्या समुद्राच्या दुप्पट खारट. हे गवत तिथे उभं आहे, पण फुलं-बियांचा भाग जवळपास बंद पडलेला आहे. आणि हा मला चिंतेचा भाग वाटतो. बीजातून येणारी नवी पिढी म्हणजे नवी जनुकीय जोडणी, बदलत्या परिस्थितीला वेगवेगळ्या तऱ्हेने सामोरे जाणारी शेकडो रोपं. एकाच रोपाकडे एकच उत्तर असतं. पांडोची गोष्टही अशीच अडचणीत आहे. मुळांतून कोंब अजून निघतात, पण ते हरणं आणि चरणारी गुरं खाऊन टाकतात. लांडगे आणि कूगरसारखे शिकारी प्राणी माणसाने कमी केल्यामुळे हरणांना अटकाव उरलेला नाही. पॉल रॉजर्स आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तिथली खोडं मोजत आले आहेत. जुनी खोडं पडतात आणि त्यांची जागा भरणारी तरुण खोडं फार थोडी आहेत. ज्या भागाला चांगलं उंच कुंपण घातलं तिथे मात्र कोंब डोक्याच्या वर वाढले. २०१८ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने बहात्तर वर्षांची हवाई छायाचित्रं शेजारी मांडून दाखवलं, की या रानाचं पातळ होणं कुणाच्याही नजरेत भरावं इतकं स्पष्ट आहे. माणसाने हा जीव एक म्हणून ओळखला, आणि त्याच अर्धशतकात तो विरळ होताना दिसला.

शार्क बेमध्ये २०१०-११ च्या उन्हाळ्यात समुद्रात उष्णतेची लाट आली. सुमारे एक तृतीयांश कुरणांचं नुकसान झालं. सर्वांत जास्त फटका दुसऱ्या जातीच्या, ‘अँफिबोलिस’च्या, गवताला बसला. त्या कुरणांच्या मातीत हजारो वर्षं साठलेला कार्बन उघडा पडला आणि हवेत वीस ते नव्वद लाख टन कार्बन डायऑक्साइड गेला, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आता तिथले मूळ रहिवासी असलेले मालगाना लोक आणि विद्यापीठातले संशोधक बरोबरीने काम करत आहेत. ‘अँफिबोलिस’च्या रोपट्यांना खाली आकड्यासारखे बारीक दाते असतात. वाळू भरलेल्या तागाच्या लांब पिशव्या तळाशी अंथरल्या की वाहत आलेली रोपटी त्यांना अडकून रुजतात. पॉसिडोनियाचे कोंब मात्र चांगल्या कुरणातून काढून उघड्या पडलेल्या तळावर एकेक करून लावावे लागतात. कोंब कुठून आणायचे, त्याच महारोपाचे की खाडीबाहेरच्या वेगळ्या जनुकांच्या रोपांचे, यावर तिथे प्रयोग चालू आहेत. एकाच ठिकाणी दोन्ही लावून, कोणता कोंब जास्त खारट आणि जास्त गरम पाण्यात टिकतो, हे पाहावं लागणार आहे.